सोलापूरच्या हवेत घरची जिंजर बिअर आणि तिच्यासोबतचा चखणा: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

घरी काहीतरी आंबवावे, बाटलीत भरावे आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर गच्चीवर चार माणसांत ते उघडावे, अशी हौस ज्यांना आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. बार्लीचे माल्ट आणि हॉप्स वापरून केलेली खरी बिअर आपल्या राज्यात परवान्याशिवाय घरी करता येत नाही, कारण महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे विनापरवाना मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे. त्यामुळे हौस भागवण्याचा सरळ मार्ग म्हणजे आल्याची, अल्पकाळ आंबवलेली जिंजर बिअर. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये रुजलेल्या या पेयात यीस्टचे काम, वायूचा दाब, आंबटगोडाचा तोल आणि वाट पाहण्याचा आनंद हे सगळे मिळते, आणि ते सौम्य ठेवणे आपल्या हातात असते.

या पेयाच्या बहुतेक कृती थंड देशांतील स्वयंपाकघरांसाठी लिहिलेल्या आहेत. तिथे खोलीचे तापमान १८ ते २२ अंश सेल्सिअस धरलेले असते आणि त्यावरूनच 'पाच दिवस ठेवा', 'आठवडाभर थांबा' असे दिवस मोजून दिलेले असतात. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत रात्रीही ३० अंशांच्या खाली फारसे उतरत नाही. अशा हवेत ते दिवस पाळले तर पेय बिघडते किंवा बाटली फुटते. म्हणून या लेखात दिवसांचे आकडे केवळ अंदाजासाठी आहेत. निर्णय वास, बुडबुडे आणि बाटलीचा कडकपणा पाहूनच घ्यायचा आहे.

आधी अल्कोहोलचा हिशेब

यीस्ट साखर खाते तेव्हा प्रत्येक ग्रॅम साखरेमागे साधारण अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि अर्धा ग्रॅम अल्कोहोल तयार होते. म्हणजे वायू हवा असेल तर थोडे अल्कोहोल येणारच. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या व्याख्येनुसार ०.५ टक्क्याहून अधिक अल्कोहोल असलेले पेय मद्य ठरते. एका लिटरमध्ये आठेक ग्रॅम साखर आंबली की सौम्य बिअरइतका फेस येण्याजोगा वायू तयार होतो, आणि त्याच वेळी अल्कोहोलही या अर्ध्या टक्क्याच्या आसपास पोचलेले असते.

यातून दोन नियम निघतात आणि ते दोन्ही काटेकोर पाळावेत. पहिला असा, की मिश्रण तयार झाल्यावर ते उघड्या भांड्यात दोन-तीन दिवस आंबवत ठेवायचे नाही, कारण उघड्या भांड्यातून वायू उडून जातो, अल्कोहोल मात्र आतच राहते आणि वाढत जाते. मिश्रण लगेच बाटलीत भरून बूच लावले, तर वायू आतच साठतो आणि बाटली वेळेवर 'पुरे' असे सांगते. दुसरा नियम असा, की बाटली दगडासारखी कडक होण्याची वाट न पाहता त्याआधीच ती फ्रीजमध्ये ठेवायची आणि उरलेला फेस पिताना ग्लासात साधा सोडा घालून मिळवायचा. सोड्यामुळे फेसही येतो आणि अल्कोहोलचे प्रमाणही निम्मे होते.

तरीही हे पेय अल्कोहोलमुक्त समजू नये. लहान मुले, गरोदर स्त्रिया, मद्य पूर्ण वर्ज्य असणारी माणसे आणि ज्यांच्या औषधांबरोबर अल्कोहोल चालत नाही अशा सर्वांसाठी आल्याचा पाक, लिंबू आणि बाजारातला सोडा असे न आंबवलेले पेय वेगळे करावे. चवीला ते फार मागे पडत नाही. आंबवलेल्या बाटल्या विकूही नयेत.

ऋतू आणि जागा

पहिल्या प्रयत्नासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत चांगले, कारण तेव्हा सगळे शांतपणे घडते आणि नवख्या माणसाला प्रत्येक टप्पा पाहायला सवड मिळते. यीस्टला २५ ते ३० अंशांची हवा मानवते. पारा ४० च्या जवळ गेला की यीस्ट त्रासते, आंबटपणा आणणारे जिवाणू वरचढ होतात आणि पेयाला उग्र, कुबट वास येऊ लागतो.

उन्हाळ्यात करायचेच असेल तर आपल्याकडच्या कोरड्या हवेचा उपयोग करून घ्यावा. सोलापूर पर्जन्यछायेत असल्यामुळे इथे उन्हाळ्यात बाष्पीभवन जोरात होते, आणि म्हणूनच माठ आणि कूलर इथे कोकणापेक्षा कितीतरी चांगले काम करतात. बरणी किंवा बाटली परातीतल्या पाण्यात उभी करावी, तिच्याभोवती ओले सुती कापड गुंडाळून त्याचे टोक पाण्यात बुडते ठेवावे आणि ती घरातल्या सर्वांत खालच्या, उत्तरेकडच्या, वारा फिरणाऱ्या कोपऱ्यात ठेवावी. एवढ्याने तापमान खोलीपेक्षा काही अंश नक्की खाली राहते.

साहित्य

दोन लिटर पेयासाठी १२० ग्रॅम ताजे आले, १४० ग्रॅम साखर, तीन रसदार लिंबे, चिमूटभर मीठ आणि १०० मिलिलिटर विरजण लागते. विरजणाची कृती पुढे दिली आहे.

आले लक्ष्मी मंडईत मिळते तसे मातीचा अंश असलेले, जड आणि सालीला घट्ट असे घ्यावे. घासून, सोलून चकचकीत केलेले आले या कामाला उपयोगी नाही, कारण ज्या यीस्टवर सगळा खेळ अवलंबून आहे ते सालीवरच असते. माती वाहत्या पाण्याखाली हलक्या हाताने धुवावी, साल काढू नये. पावसाळ्याच्या अखेरीस येणारे कोवळे आले सुगंधी पण कमी तिखट असते, आणि जुने, धाग्याचे आले झणझणीत असते. जुने आले असेल तर १०० ग्रॅम पुरते.

साखर साधी पांढरी चालते आणि पहिल्या वेळी तीच वापरावी. गुळाने चव खोल होते, पण गुळात खनिजे आणि इतर अंश असल्यामुळे आंबण्याचा वेग वाढतो आणि बाटली लवकर कडक होते. तेव्हा हात बसल्यावर गुळाकडे वळावे. मधुमेह असणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की अल्प आंबवलेल्या या पेयात बहुतेक साखर तशीच उरते. २०० मिलिलिटरच्या ग्लासात साधारण १२ ग्रॅम साखर असते, म्हणजे अडीच-तीन चमचे.

पाण्याबद्दल थोडे सांगायला हवे. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असते आणि क्लोरीन यीस्टला मारक असते. आपल्याकडे पाणी रोज येत नसल्यामुळे ते घरोघरी साठवलेलेच असते, आणि साठवणीत क्लोरीन बरेचसे उडून जाते. तरीही विरजणासाठी पाणी दहा मिनिटे उकळून, झाकून, पूर्ण थंड करून घ्यावे. बोअरच्या फार जड पाण्याने आल्याची चव दबते आणि लिंबाची धारही कमी होते, म्हणून ते टाळावे.

बाटल्या मात्र कोल्ड्रिंकच्या, प्लास्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या आणि पारदर्शकच हव्यात. त्या दाब सहन करण्यासाठीच बनवलेल्या असतात आणि दाबून पाहिल्या की आतली स्थिती कळते. मिनरल वॉटरच्या पातळ बाटल्या चालत नाहीत. काचेची बाटली पहिल्या वर्षात हातीच घेऊ नये, मग ती बिअरची असो, सरबताची असो किंवा शोभेची असो. तिच्यात किती दाब आहे हे बाहेरून कळत नाही आणि फुटली तर काचा खोलीभर उडतात. पारदर्शकपणाचा आग्रह धरताना १९२८ मधली स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावची घटना आठवते. तिथे एका बाईंनी अपारदर्शक बाटलीतली जिंजर बिअर प्यायल्यावर उरलेल्या पेयातून कुजलेली गोगलगाय बाहेर आल्याची तक्रार झाली, आणि त्या खटल्याचा १९३२ चा निकाल उत्पादकाच्या ग्राहकाप्रती असलेल्या जबाबदारीचा पाया म्हणून आजही आपल्या विधी महाविद्यालयांत शिकवला जातो. बाटलीत काय आहे ते दिसले पाहिजे, ही अपेक्षा अगदी रास्त आहे.

पहिली पायरी: आल्याचे विरजण

काचेच्या स्वच्छ, कोरड्या बरणीत उकळून थंड केलेले ४०० मिलिलिटर पाणी घ्यावे. त्यात सालीसकट किसलेले आले एक मोठा चमचा आणि साखर एक मोठा चमचा घालून ढवळावे. तोंडावर सुती कापड बांधावे, झाकण घट्ट लावू नये. दुसऱ्या दिवसापासून रोज एकदा पुन्हा तेवढेच आले आणि तेवढीच साखर घालावी, आणि सकाळ-संध्याकाळ स्वच्छ कोरड्या चमच्याने ढवळावे.

विरजण तयार झाल्याची खूण अशी, की ढवळल्याबरोबर कडेने बारीक बुडबुडे सरसरून वर येतात, कान जवळ नेला तर हलकी चरचर ऐकू येते, आल्याचा कीस वर तरंगतो आणि पाण्याला आल्याच्या वासाबरोबरच ताज्या आंबवलेल्या पिठासारखा सुखद आंबूस वास येतो. थंडीत याला पाच ते सात दिवस लागतात. कडक उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांतही हे घडते, आणि तेव्हा 'अजून दिवस भरले नाहीत' म्हणून थांबले तर विरजण भुकेने मरगळते व आंबट होते.

पाण्याला दह्याच्या तारेसारखा चिकटपणा आला, वर हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी दिसली, किंवा सडका वास आला, तर बरणी रिकामी करून उकळत्या पाण्याने धुवावी आणि नव्याने सुरुवात करावी. बुरशी वरून काढून खालचे वापरण्याचा मोह होतो, पण बुरशीचे धागे आणि त्यांनी सोडलेली द्रव्ये खोलवर गेलेली असतात. पांढऱ्या सपाट सायीबद्दल अनुभवी लोक वेगळा निर्णय घेतात, परंतु नवख्या माणसाने तीही टाकून द्यावी. दोन चमचे साखर आणि बोटभर आले एवढेच तर नुकसान आहे.

या बरणीत यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू एकमेकांच्या आधाराने जगतात. इंग्लंडमध्ये घराघरांत जपल्या जाणाऱ्या जिंजर बिअरच्या अशाच एका विरजणाचा अभ्यास वनस्पतिशास्त्रज्ञ हॅरी मार्शल वॉर्ड यांनी केला आणि १८९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात यीस्ट व जिवाणूंची ही भागीदारी उलगडून दाखवली. जिवाणूंनी आणलेला आंबटपणा हाच पेयाचा रक्षक असतो. आम्लता पुरेशी असली की घातक जंतूंना वाढता येत नाही, आणि म्हणूनच पुढच्या पायरीत लिंबू चवीपुरते समजून कमी करायचे नाही.

दुसरी पायरी: आल्याचे पाणी

आल्याचे १२० ग्रॅम दोन भागांत वाटून घ्यावे, आणि यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ताज्या आल्याचा तिखटपणा जिंजरॉल या द्रव्यातून येतो. आले उकळले की त्यातला काही भाग झिंजरोन या सौम्य, गोडसर वासाच्या द्रव्यात बदलतो, आणि आले वाळवले की शोगॉल हे अधिक जहाल द्रव्य वाढते, म्हणूनच सुंठ ओल्या आल्यापेक्षा झोंबते. सगळे आले उकळले तर पेय काढ्यासारखे गोल लागते आणि सगळे कच्चे घातले तर घशाला नुसती धार लागते. निम्मे उकळून आणि निम्मे कच्चे वापरल्यास दोन्ही गुण येतात.

एक लिटर पाण्यात निम्मे किसलेले आले, सगळी साखर आणि चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर १५ मिनिटे उकळावे. गॅस बंद केल्यावर उरलेले कच्चे आले घालून झाकण ठेवावे आणि २० मिनिटे तसेच मुरू द्यावे. मग पातळ, उकळून घेतलेल्या मलमलीतून गाळून, पिळून घ्यावे. त्यात आधीच उकळून माठाजवळ गार केलेले आणखी एक लिटर पाणी मिसळावे, म्हणजे तापमान झपाट्याने खाली येते. आता थांबणे महत्त्वाचे आहे. मिश्रण ३० अंशांच्या आसपास, म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकल्यास गरम किंवा कोमटही न लागण्याइतके निवल्याशिवाय विरजण घालू नये. गरम मिश्रणात विरजण घातले तर यीस्ट तिथेच मरते आणि पुढे कितीही वाट पाहिली तरी बुडबुडा येत नाही. निवल्यावर तीन लिंबांचा गाळलेला रस आणि गाळलेले १०० मिलिलिटर विरजण घालून हलके ढवळावे.

या वेळी चव घ्यावी. ती अपेक्षेपेक्षा थोडी गोड लागली पाहिजे, कारण थंड झाल्यावर आणि सोडा घातल्यावर गोडी कमी जाणवते.

तिसरी पायरी: बाटली

सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यायची आहे. बाटल्या गरम पाण्याने धुवून निथळून घ्याव्यात. उकळते पाणी मात्र ओतू नये, त्याने त्या आक्रसतात. मिश्रण भरताना वर चार बोटे जागा सोडावी, झाकण लावण्याआधी बाटली हाताने किंचित दाबून आतली हवा काढावी आणि मग झाकण घट्ट फिरवावे. असे केल्याने बाटली सुरुवातीला चेपलेली दिसते आणि वायू तयार होऊ लागला की ती फुगून सरळ होते. नवख्या माणसाला हा बदल पाहून आंबणे सुरू झाल्याची खात्री पटते. भरलेल्या बाटल्या झाकण असलेल्या प्लास्टिकच्या टबमध्ये किंवा बादलीत ठेवून वर जाड कापड टाकावे आणि त्या सावलीतच राहतील असे पाहावे.

दिवसातून किमान दोनदा, उन्हाळ्यात तीन-चार वेळा, प्रत्येक बाटली अंगठ्याने दाबून पाहावी. दुकानातून आणलेली, न उघडलेली कोल्ड्रिंकची बाटली शेजारी ठेवली तर तुलना सोपी होते. आपली बाटली तिच्यापेक्षा थोडी मऊ, जोर लावला तर किंचित दबणारी अशी झाली की तत्क्षणी फ्रीजमध्ये ठेवावी. डिसेंबरात याला दोन ते चार दिवस लागतात. मे महिन्यात बारा ते चोवीस तासांत हे काम होते, त्यामुळे रात्री बाटल्या भरून सकाळी बाहेरगावी निघून जाणे हा धोक्याचा बेत आहे. बाटली बाहेर ठेवून घर बंद करायचेच नाही.

उष्ण खोलीत बाटली लवकर कडक का होते, याची दोन कारणे आहेत. यीस्ट वेगाने काम करते हे उघडच आहे, पण त्याबरोबरच गरम द्रवात वायू कमी विरघळतो, म्हणून तेवढाच वायू असूनही बाटलीतला दाब जास्त भरतो. तीच बाटली गार झाली की वायू द्रवात शिरतो आणि ती मऊ पडते. हे पाहून काही जण घाईने ती पुन्हा बाहेर काढून ठेवतात. तसे करू नये. किमान बारा तास फ्रीजमध्ये उभी ठेवली की वायू नीट मुरतो आणि गाळ तळाला बसतो.

फ्रीजमध्ये यीस्ट मंदावते, मरत नाही. म्हणून पेय पाच-सात दिवसांत संपवावे आणि मधल्या काळात एक दिवसाआड बाटली दाबून पाहून, फार कडक वाटल्यास झाकण अगदी हळू सैल करून वायू सोडावा. मे महिन्यात तासन्‌तास वीज गेली तर फ्रीजमधल्या या बाटल्यांकडे आधी लक्ष द्यावे आणि त्यांचा वायू सोडून द्यावा. बाटली नेहमी पूर्ण गार करून, मोरीत किंवा परातीवर धरून, चेहरा बाजूला ठेवून, झाकण थोडे थोडे फिरवत उघडावी.

चखणा

हे पेय तयार झाल्यावर सोबत काय ठेवायचे याचा विचार सोलापूरकराला फार करावा लागत नाही, कारण शेंगा, ज्वारी आणि लसूण या तिन्हींवर आपल्या शहराचा जीव आहे. तरीही इथे एक गोष्ट सांभाळायची आहे. मिरचीतले कॅप्सायसिन आणि आल्यातले जिंजरॉल जिभेवरच्या एकाच प्रकारच्या संवेदकांना चेतवतात, आणि पेयातला वायू आपली वेगळी चुणचुण त्यात मिसळतो. म्हणजे नेहमीची झणझणीत शेंगा चटणी आणि आल्याचे फसफसते पेय एकत्र आले की तिखटपणा दुप्पट जाणवतो. ज्यांना ते आवडते त्यांनी खुशाल तसेच खावे. पाहुण्यांसाठी मात्र चटणीत तिखट कमी करून लसूण आणि जिरे वाढवणे बरे. तिखट लागल्यावर पाणी पिऊन उपयोग नाही, कारण कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. दही, लोणी किंवा साय हाच उतारा आहे.

चटणीसाठी पाव किलो शेंगदाणे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, साल जागोजागी काळवंडेपर्यंत भाजावेत. घाईने मोठ्या आचेवर भाजलेला दाणा बाहेरून करपतो, आतून कच्चा राहतो आणि त्याची चटणी तेल सोडत नाही. पूर्ण गार झाल्यावर सालं अर्धीअधिक पाखडून काढावीत, थोडी राहू द्यावीत. उखळात आधी १५ लसूण पाकळ्या, एक चमचा जिरे आणि चवीपुरते मीठ कांडावे, मग दोन चमचे लाल तिखट आणि शेवटी दाणे थोडे थोडे घालत, तेल सुटून मुठीत लाडू वळेल इथपर्यंत कांडावे. उखळ नसेल तर मिक्सर एकेक क्षण फिरवून थांबवावा. सलग फिरवल्यास दाण्याचे लोणी होते आणि चटणीचा भरड, ओलसर पोत जातो. पोत हाच सोलापुरी चटणीचा प्राण आहे, त्यामुळे या एका बाबतीत मी आग्रही आहे.

तिच्या जोडीला कडक भाकरी. बाजारात ती सर्वत्र मिळते, पण घरी करायची असेल तर ज्वारीचे ताजे पीठ उकळत्या पाण्याने भिजवून चांगले मळावे, कारण ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो आणि गरम पाण्यानेच पिठाला जीव येतो. भाकरी नेहमीपेक्षा पातळ थापून, भाजून झाल्यावर तव्यावर अगदी मंद आचेवर, फडक्याने सगळीकडून दाबत, ओलावा पूर्ण जाऊन ती पापडासारखी वाजेपर्यंत ठेवावी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि तिथल्या मालदांडीची गोडसर चव कडक भाकरीत सर्वांत स्पष्ट कळते. भाकरीचा तुकडा, त्यावर लोण्याचा पातळ थर, वर चटणी आणि मग पेयाचा घोट, या क्रमाने खाऊन पाहावे.

याशिवाय भट्टीचे फुटाणे, खारे शेंगदाणे किंवा लिंबू पिळलेला पातळ पोह्यांचा चिवडा चालतो. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक घरांत संक्रांतीला होणारे सकिनालू, म्हणजे तांदळाच्या पिठाची तीळ आणि ओवा घातलेली कुरकुरीत कडी, या पेयाबरोबर अप्रतिम लागतात. ओव्याचा वास आणि आल्याचा वास एकमेकांना खुलवतात आणि त्यात मिरची नसल्याने जिभेला विसावाही मिळतो. गोडात शेंगा पोळी ठेवावी, पण ती तूप लावून, चतकोर तुकडे करून आणि शेवटी.

ग्लासात ओतताना

बाटली न हलवता, ग्लास तिरपा धरून, तळाचा गाळ बाटलीतच राहील असे ओतावे. निम्मे पेय आणि निम्मा गार सोडा हे माझ्या मते योग्य प्रमाण आहे. बर्फ घातला तर लिंबाचा थोडा ताजा रसही घालावा, नाहीतर चव पांचट होते.

ज्यांचे वय कायद्याने ठरवल्याप्रमाणे पूर्ण आहे आणि ज्यांच्याकडे परवाना आहे, त्यांना बाजारातली बिअरही सोबत घ्यायची असेल, तर जिंजर बिअर आणि माइल्ड बिअर समप्रमाणात मिसळून पाहावी. इंग्लंडमध्ये हे मिश्रण एकोणिसाव्या शतकापासून पितात. पाच टक्क्यांची बिअर यात अडीच टक्क्यांच्या आसपास येते आणि आपल्या उन्हाळ्यात तोच सौम्यपणा सुखावह वाटतो. स्ट्रॉंग बिअर मात्र यात वापरू नये, कारण आल्याच्या गोडव्यात तिचा जोर लपतो आणि माणूस नकळत जास्त पितो. मिश्रण करताना आधी जिंजर बिअर ओतावी आणि मग बिअर हळू सोडावी. फेस टिकवायचा असेल तर ग्लास तेलकट नसावा, आणि चटणीची बोटे पुसूनच ग्लास धरावा, कारण तेलाचा अंश लागला की फेस लगेच बसतो. अशी बिअर प्यायल्यावर गाडी चालवायची नाही, मग घर दोन चौक पलीकडे असले तरीही.

विरजण जपणे आणि पुढची खेप

विरजणातून १०० मिलिलिटर काढल्यावर तेवढेच उकळून गार केलेले पाणी, एक चमचा आले आणि एक चमचा साखर घालून बरणी फ्रीजमध्ये ठेवली, तर आठवड्यातून एकदा असेच खाद्य देऊन ती महिनोन्‌महिने टिकते. कीस फार साठला की अर्धा काढून टाकावा. पुढची खेप करण्याच्या आदल्या दिवशी बरणी बाहेर काढून खाद्य द्यावे आणि बुडबुडे पूर्ववत आल्याशिवाय वापरू नये.

दोन-तीन खेपा मनासारख्या जमल्या की डाळिंब घालून पाहावे. सोलापूरच्या डाळिंबालाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या शेजारीच केगावला आहे, तेव्हा चांगल्या फळाची इथे वाण नाही. दोन लिटरमागे ३०० मिलिलिटर ताजा रस घ्यावा आणि तेवढेच पाणी कमी करावे. दाणे मिक्सरमध्ये न वाटता कापडात घेऊन हाताने पिळावेत, कारण बिया फुटल्या की रस तुरट होतो. डाळिंबाची स्वतःची साखर भरपूर असल्यामुळे १४० ऐवजी १०० ग्रॅम साखर पुरते. रस विरजणाबरोबर, मिश्रण निवल्यावरच घालावा, आणि ताज्या रसातली साखर यीस्ट झपाट्याने खात असल्यामुळे या बाटल्या पहिल्या आठ तासांनंतर दर दोन-तीन तासांनी दाबून पाहाव्यात.